स्क्रिप्ट पूर्ण झाली म्हणजे गणित झालं का? ऑक्टेव्हमधले एरर आणि वेळेची मोजणी

प्रश्न थोडक्यात असा. नागपूरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात भूजलावर पीएचडी करणाऱ्या विद्यार्थ्याने काटोल-कळमेश्वर पट्ट्याचं मॉडेल ऑक्टेव्हमध्ये, म्हणजे मॅटलॅबसारख्या मोफत गणिती सॉफ्टवेअरमध्ये, लिहिलंय. खडकाची पारगम्यता, पावसाचं पुनर्भरण, नदीपात्रातून होणारी गळती हे आकडे बदलत ४०० केसेस रात्री लावून झोपायचं, असा क्रम. सकाळी ३७व्या केसला एरर येऊन सगळं थांबलेलं दिसलं, म्हणून त्याने लूपच्या आतला सगळा भाग ट्राय-कॅचमध्ये टाकला, म्हणजे एरर आला तरी तो पकडून स्क्रिप्ट पुढे जाते. आता ४०० च्या ४०० केसेस पूर्ण होतात. पण काही शेजारशेजारच्या केसेसची उत्तरं शेवटच्या दशांशापर्यंत सारखी येतात. शिवाय समीकरणं सोडवणाऱ्या दोन सॉल्व्हरपैकी वेगवान कोणता, हे टिक-टॉक या वेळ मोजणाऱ्या कमांड लावून मोजलं की दर वेळी वेगळाच जिंकतो. काहून होतं असं, असा सवाल आहे.

आधी ते सारखे आकडे बघू, कारण खरा धोका तिथे आहे. तुमच्या लूपमध्ये पाण्याच्या पातळ्या एका व्हेरिएबलमध्ये येतात आणि लूपच्या शेवटी ते व्हेरिएबल फाइलमध्ये लिहिलं जातं. ३७व्या केसला सॉल्व्हरच्या ओळीवर एरर आला, म्हणजे त्या ओळीने नवीन काही भरलंच नाही. कॅचमध्ये तुम्ही फक्त 'एरर आला, पुढे चालू' एवढं छापलंय. व्हेरिएबलमध्ये ३६व्या केसच्या पातळ्या तशाच पडून होत्या, त्या ३७व्या नावाने फाइलमध्ये गेल्या. ३८वी केसही फसली असेल तर त्याच पातळ्या तिसऱ्यांदा. स्क्रिप्टने कुठेही खोटं सांगितलेलं नाही. तिला जे लिहायला सांगितलं ते तिने लिहिलं.

यावर सोपा उपाय म्हणजे प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला उत्तराची जागा नॅनने ('ही संख्याच नाही' अशी खूण) भरून ठेवणे. त्याहून चांगला उपाय म्हणजे एका केसचं सगळं गणित वेगळ्या फंक्शनमध्ये नेणे. फंक्शन संपलं की आतली व्हेरिएबल्स जातात, मागच्या केसचं काही उरत नाही. स्क्रिप्टमधल्या व्हेरिएबलला असं मरण नसतं, ते सत्र संपेपर्यंत तसंच बसून राहतं. मी दुसऱ्याचा कोड तपासायला घेतला की आधी हेच बघतो: लूपच्या आतलं काय काय मागच्या फेरीतून पुढे वाहून येतंय?

आता ट्राय-कॅचबद्दल. फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्यात जाड तार घालणारे लोक आपल्याकडे घरोघरी आहेत. अख्ख्या लूपला ट्राय-कॅच लावणं त्यातलंच. एरर पकडणं वेगळं आणि त्याचं काय करायचं ते ठरवणं वेगळं. कॅचमध्ये आल्यावर पहिला प्रश्न हा, की हा एरर माझ्या अपेक्षेतला आहे का. ऑक्टेव्हमध्ये कॅचच्या पुढे एक नाव दिलंत की त्या नावात एररची वस्तू मिळते: तिच्यात संदेश असतो, ओळख म्हणजे आयडेंटिफायर असतो आणि एरर कुठल्या फंक्शनच्या कितव्या ओळीवर आला त्याचा माग असतो. संदेशाच्या मजकुरावर कधी विसंबू नका, आवृत्ती बदलली की शब्द बदलतात. ओळख त्यामानाने टिकते. व्हेरिएबलचं नाव चुकलं तर ओळख 'ऑक्टेव्ह' आणि 'अनडिफाइंड-फंक्शन' या दोन भागांची येते, मॅट्रिक्सची मापं जुळली नाहीत तर 'नॉनकॉन्फॉर्मंट-आर्ग्ज' असलेली. हे दोन्ही एरर तुमच्या टंकलेखनाचे आहेत, भूजलाचे नाहीत. ते पकडून पुढे जाण्यात अर्थ नाही, कारण ज्या ओळीवर स्पेलिंग चुकलंय ती ओळ ४०० वेळा चुकणार. असा एरर आला की रीथ्रो करा, म्हणजे आहे तसा वर फेका आणि स्क्रिप्ट तिथल्या तिथे मरू द्या. रात्री दहा वाजता मेलेली स्क्रिप्ट सकाळी सहाला मिळालेल्या ४०० कचरा-फाइलींपेक्षा केव्हाही बरी.

पकडायचे ते फक्त असे एरर, जे एका केसच्या आकड्यांमुळे येतात आणि दुसऱ्या केसला येणार नाहीत. तुमच्या मॉडेलमध्ये एखादी पेशी, म्हणजे जाळीचा एक चौकोन, कोरडी पडते, म्हणजे पाण्याची पातळी थराच्या तळाच्या खाली जाते. तिथे जाडी ऋण येते आणि पुढचं सगळं गणित निरर्थक होतं. ही परिस्थिती तुम्ही स्वतः तपासा आणि स्वतःच्या ओळखीचा एरर द्या. ओळख कोलनने जोडलेल्या दोन शब्दांची ठेवली की ऑक्टेव्ह आणि मॅटलॅब दोन्हीकडे चालते. मग कॅचमध्ये 'कोरडी पेशी' आली तर नोंद करून पुढे, बाकी काहीही आलं तर रीथ्रो. ट्रायच्या आत शक्य तितक्या कमी ओळी ठेवा. फाइल वाचणं, आलेख काढणं, बेरजा हे सगळं बाहेर.

पायथॉनवाल्यांसाठी एक वाक्य: नुसतं एक्सेप्ट लिहून पुढे कोलन टाकलात तर कंट्रोल-सी सुद्धा त्यात अडकतं आणि चालू लूप थांबवता थांबत नाही. निदान 'एक्सेप्ट एक्सेप्शन' तरी लिहा.

इथपर्यंतचं सोपं आहे, कारण एरर निदान ओरडून सांगतो. तुमच्या ४०० केसेसमध्ये मला जास्त भीती वाटते ती न ओरडणाऱ्यांची.

एक ते नऊ आकडे तीन ओळींत लिहून केलेला मॅट्रिक्स घ्या. पहिली ओळ एक-दोन-तीन, दुसरी चार-पाच-सहा, तिसरी सात-आठ-नऊ. हाताने काढलंत तर डिटर्मिनंट शून्य, म्हणजे याला इन्व्हर्स नाही, मॅट्रिक्स सिंग्युलर आहे. ऑक्टेव्हला विचारा: डिटर्मिनंट येतो साधारण ६.६६ भागिले एकावर सोळा शून्ये. शून्य नाही! इन्व्हर्स मागितलात तर तोही मिळतो, एकावर पंधरा शून्ये अशा घरातल्या संख्यांचा. सोबत फक्त एक वॉर्निंग येते, की मॅट्रिक्स जवळजवळ सिंग्युलर आहे. ट्राय-कॅचला ती वॉर्निंग दिसतसुद्धा नाही, कारण वॉर्निंग म्हणजे एरर नव्हे. रात्रभराच्या लॉगमध्ये ती हजारो ओळींखाली गाडली जाते. पायथॉनच्या नमपाय लायब्ररीच्या सॉल्व्हमध्ये तर अशा वेळी ती वॉर्निंगही नसते. तिथे मॅट्रिक्स बरोब्बर सिंग्युलर निघाला तरच एरर येतो. सायपाय या दुसऱ्या लायब्ररीचा सॉल्व्ह मात्र वॉर्निंग देतो.

तुमच्या भागात हे घडायला कारणही आहे. नागपूरच्या पश्चिमेला डेक्कन ट्रॅपचा बेसाल्ट. वरचा झिजलेला, मुरमाड थर पाणी वाहू देतो आणि त्याच्याखालचा अखंड बेसाल्ट जवळपास देत नाही. शेजारच्या दोन पेशींच्या पारगम्यतेत हजारो, कधी लाखो पटींचा फरक पडतो आणि मॅट्रिक्सचा कंडिशन नंबर, म्हणजे छोटी चूक उत्तरात किती पट वाढू शकते तो आकडा, फुगतो. दुहेरी अचूकतेत आपल्या हातात जेमतेम सोळा दशांश अंक असतात. कंडिशन नंबर एकावर बारा शून्ये असेल तर त्यातले बारा गेल्यात जमा धरायचे, उरले तीन-चार.

दुसरं कारण मला तुमच्या केसेसच्या यादीतच दिसलं. काही केसेसमध्ये तुम्ही नदीपात्रातली गळती शून्य ठेवलीय आणि मॉडेलच्या चारही बाजू बंद आहेत. तिथे पाण्याला पातळीचा आधारच उरत नाही. स्थिर स्थितीच्या गणितात सगळ्या पातळ्या दहा मीटरने वर उचलल्या तरी समीकरणं तशीच जुळतात. पुनर्भरण आणि उपसा एकमेकांइतके असतील तर अशी उत्तरं अनंत, नसतील तर उत्तरच नाही. कागदावर हा मॅट्रिक्स सिंग्युलर आहे, पण दशांशांच्या कापाकापीत तो 'जवळजवळ' सिंग्युलर होऊन निसटतो आणि कुठल्या तरी पातळ्या हातात ठेवतो. याला कुठलाही कॅच पुरा पडणार नाही. गळती शून्य आणि बाजू बंद असं दिसलं की गणित सुरू करण्याआधीच ती केस बाद करा.

बाकी ठिकाणी वॉर्निंगलाच एरर करून टाका. ऑक्टेव्हच्या वॉर्निंग कमांडला 'ऑन' आणि 'ऑफ' शिवाय 'एरर' हा तिसरा पर्याय आहे. त्यापुढे 'सिंग्युलर-मॅट्रिक्स' आणि 'नियरली-सिंग्युलर-मॅट्रिक्स' या दोन ओळखी दिल्यात की त्या वॉर्निंग खऱ्या एररसारख्या कॅचमध्ये येतात. पायथॉनमध्ये वॉर्निंग्ज मॉड्यूलचा फिल्टर 'एरर'वर ठेवता येतो, आणि नमपायचं एररस्टेट 'रेझ'वर ठेवलं की शून्याने भागणं, ओव्हरफ्लो वगैरे जागच्या जागी अडतं. लोक याच्या उलट करतात: लॉग फार लांब होतो म्हणून सगळ्या वॉर्निंग बंद. तो पर्याय इतका सहज मिळायलाच नको होता, असं माझं मत.

तिसरा प्रकार आणखी गुपचूप. पुनरावृत्तीने उत्तर काढणारी फंक्शन्स फसली तरी बहुधा एरर देत नाहीत, एक झेंडा परत करतात. पीसीजी या अशाच सॉल्व्हरमध्ये दुसरं आउटपुट तो झेंडा: शून्य असेल तर जमलं, एक असेल तर ठरवलेल्या पायऱ्यांत जमलं नाही. गंमत बघा, मॅटलॅबमध्ये तुम्ही हा झेंडा मागितलात की पडद्यावरचा इशारा बंद होतो, कारण तुम्ही स्वतः बघणार असं ते गृहीत धरतं. म्हणजे झेंडा मागून न तपासणं हे न मागण्यापेक्षा वाईट. एफसॉल्व्हचं तिसरं आउटपुटही असंच. काळाबरोबर बदलणारी समीकरणं सोडवणाऱ्या ओडीई-४५ सारख्या सॉल्व्हरला पायरी आणखी लहान करता येईना की तो वॉर्निंग देऊन जिथवर पोचला तिथवरचं उत्तर हातात ठेवतो. तुम्ही ३६५ दिवस मागितलेत आणि तो १२२व्या दिवशी थांबलाय, हे फक्त वेळेच्या यादीतला शेवटचा आकडा बघितला तरच कळतं.

आणि नॅन. तुमचं पिकार्डचं लूप (मागचं उत्तर घालून पुन्हा सोडवत राहणारं) असं आहे: जोवर दोन फेऱ्यांमधला फरक टॉलरन्सपेक्षा (चालेल एवढ्या फरकापेक्षा) जास्त, तोवर फिरत राहा. फरक नॅन झाला तर काय होईल? नॅनशी केलेली कुठलीही मोठं-लहान तुलना 'खोटी' ठरते. 'नॅन टॉलरन्सपेक्षा जास्त आहे' हे खोटं, म्हणून लूप संपतं. बाहेरून दिसतं, की झटक्यात कन्व्हर्ज झालं, म्हणजे उत्तर स्थिरावलं. भरीस भर म्हणजे तुम्ही फरकाचा मॅक्स घेताय. मॅटलॅब आणि ऑक्टेव्ह दोघांतही मॅक्स नॅनला वगळून उरलेल्यातला मोठा आकडा देतो, म्हणजे हजार पेशींपैकी नऊशे नॅन झाल्या तरी मॅक्स शंभरांवर समाधानी. त्याऐवजी नॉर्म, म्हणजे सगळ्या फरकांचं मिळून एक माप, घ्या, त्यात एक नॅन आला तरी उत्तर नॅन येतं. आणि अट उलटी लिहा: फरक टॉलरन्सइतका किंवा त्याहून कमी असेल तरच 'जमलं', बाकी सगळं 'जमलं नाही'. नमपायचा मॅक्स नॅनला पुढे जाऊ देतो, त्यामुळे तिकडून इकडे आणलेल्या कोडमध्ये हे हमखास सुटतं.

संपतच नाही अशा लूपचं उदाहरण घरचंच देतो. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांचा ६१७४ आपल्याला माहीत आहे: चार अंकी संख्येचे अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, वजा करा, पुन्हा तेच. जास्तीत जास्त ७ पायऱ्यांत ६१७४ येतो. विद्यार्थी हे लिहितात 'उत्तर ६१७४ होईपर्यंत' असं लूप टाकून, आणि ११११ दिला की अडकतात, कारण तिथे शून्य येतं आणि शून्यातून बाहेर पडता येत नाही. सगळे अंक सारखे नकोत ही अट बहुतेकांना आठवते. पण २१११ घ्या. २१११ वजा १११२ बरोबर ९९९. इथे पुढचा शून्य धरून ०९९९ म्हटलं तर ९९९० वजा ०९९९ म्हणजे ८९९१, मग ८०८२, मग ८५३२, मग ६१७४. शून्य सोडला तर ९९९ वजा ९९९ शून्य, आणि स्क्रिप्ट सकाळपर्यंत शून्यातून शून्य वजा करत बसते. एरर नाही, वॉर्निंग नाही, पंखा मात्र जोरात. ७ पायऱ्यांची हमी असलेल्या गणितात आठवी पायरी आली की एरर द्या. जिथे अशी हमी नाही तिथेही फेऱ्यांना काहीतरी मर्यादा हवीच.

वेळेच्या पायऱ्यांनाही हाच नियम. ०.१ दहा वेळा मिळवून १ होत नाही, ०.९९९९९९९९९९९९९९९९ होतं, म्हणून 'वेळ बरोबर १ होईपर्यंत' ही अट कधीच पुरी होत नाही. पायरी पूर्णांकात मोजा आणि वेळ गुणाकाराने काढा. १९९१ मध्ये २५ फेब्रुवारीला सौदी अरेबियात धाहरानला अमेरिकेच्या पेट्रियट या क्षेपणास्त्ररोधक यंत्रणेच्या घड्याळात याच ०.१ सेकंदाच्या कापलेल्या बायनरी रूपामुळे, सलग १०० तास चालून, सुमारे ०.३४ सेकंदाची चूक साठली होती. आलेलं क्षेपणास्त्र तिला अडवता आलं नाही, २८ सैनिक गेले.

ऑक्टेव्हमध्ये 'ही कमांड दहा मिनिटांत संपली नाही तर सोड' अशी सोय नाही. लिनक्सवर बाहेरून टाइमआउट कमांड लावून एकेक केस वेगळ्या प्रक्रियेत चालवा. वेळ संपल्यामुळे मारली असेल तर बाहेर पडतानाचा कोड १२४ मिळतो. ओडीई सॉल्व्हरला आउटपुट-फंक्शन देता येतं, ते दर पायरीला बोलावलं जातं, तिथे टॉक बघून थांबवता येतं. पारी-जीपी हे संख्यासिद्धांताचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या गणितवाल्यांना हे सुख आयतं आहे: अलार्मला सेकंद आणि काम दोन्ही द्यायचं, वेळेत झालं तर उत्तर मिळतं, नाही तर एररची वस्तू. मोठ्या संख्येचे अवयव पाडताना याशिवाय मी बसत नाही. केसेस वेगळ्या प्रक्रियेत चालवण्याचा आणखी एक फायदा म्हणजे मेमरी. मेमरी संपली की लिनक्स प्रक्रियेलाच मारून टाकतं आणि मेलेल्या प्रक्रियेचा कॅच चालत नाही.

मॅटलॅब असेल तर रात्रीच्या कामाला जुना '-आर' पर्याय नको, त्यात एरर आला की प्रॉम्प्ट उघडा राहतो आणि लायसन्स अडकून पडतं. २०१९च्या पहिल्या आवृत्तीपासून '-बॅच' आहे, तो एरर आला की शून्य नसलेला कोड देऊन बाहेर पडतो. आणि आउटपुट पडद्यावर आणि फाइलमध्ये दोन्हीकडे पाठवणाऱ्या टी कमांडमधून पाइप करत असाल तर बॅशमध्ये पाइपफेल लावा, नाही तर तुम्हाला टीचा कोड मिळतो. तो बहुधा शून्यच.

लाइन जाण्याचं वेगळं सांगायला नको. मे महिन्यात दुपारी कूलर, एसी सगळे एकदम चालू असताना कधी जाईल भरवसा नाही. म्हणून ४०० केसेसचं उत्तर शेवटी एकदम सेव्ह करणं बंद. प्रत्येक केस संपली की तिची फाइल वेगळी, आणि तीही आधी तात्पुरत्या नावाने लिहून पूर्ण झाल्यावर नाव बदलायचं. नाव बदलणं एका झटक्यात होतं. लिहिताना लाइन गेली तर अर्धवट फाइल तात्पुरत्या नावातच राहते आणि सकाळी ओळखू येते. स्क्रिप्ट पुन्हा लावली की जिची फाइल आहे ती केस सोडून द्या. उघडलेल्या फाइली बंद करणं अनवाइंड-प्रोटेक्टच्या साफसफाईच्या भागात टाका. मॅटलॅबमध्ये ते काम ऑनक्लीनअप करतं. तुम्ही कंट्रोल-सी दाबलंत तरी तो भाग चालतो, कॅच चालत नाही.

आता घड्याळाकडे. दर वेळी वेगळा सॉल्व्हर जिंकतो याचं पहिलं कारण वर येऊन गेलंय. फसलेली केस लवकर संपते. नॅन आला, लूप सुटलं, ९० सेकंदांची केस ०.२ सेकंदात 'पूर्ण'. ज्या सॉल्व्हरच्या जास्त केसेस फसल्या त्याची सरासरी वेळ उत्तम दिसणार! म्हणून वेळ आणि स्थिती एकाच ओळीत लिहिल्याशिवाय वेळेला काही किंमत नाही. माझ्या लॉगच्या ओळी साधारण अशा असतात (आकडे नमुन्यापुरते; शेष म्हणजे उत्तर समीकरणात परत घातल्यावर उरणारा फरक):

केस ३६, ठीक, ८८.४ सेकंद, २१ फेऱ्या, शेष ०.०००००३
केस ३७, बाद: जवळजवळ सिंग्युलर, ०.३ सेकंद, ० फेऱ्या, शेष नॅन
केस ३८, थांबवली: वेळ संपली, ६००.० सेकंद, ५०० फेऱ्या, शेष ०.०४

तुलना करायची ती दोन्ही सॉल्व्हरमध्ये 'ठीक' असलेल्या केसेसचीच, आणि किती केसेस बाद झाल्या तो आकडा शेजारी द्यायचा. शेष दोन्हीकडे एकाच पद्धतीने काढा. एकाने हजारांशाला थांबायचं आणि दुसऱ्याने कोट्यंशाला, ही शर्यत नव्हे.

दुसरं कारण तुमच्या टिकमध्ये आहे. टिक नुसतं लिहिलं की एकच सामाईक घड्याळ सुरू होतं. आत बोलावलेल्या फंक्शनमध्ये कुणी नुसतं टिक लिहिलं असेल, आणि तुमच्या मॅट्रिक्स बांधणाऱ्या फंक्शनमध्ये ते आहे, तर बाहेरचं घड्याळ पुन्हा शून्यापासून धावतं आणि तुमचा टॉक अर्धाच वेळ सांगतो. टिकचं उत्तर एका व्हेरिएबलमध्ये घ्या आणि टॉकला तेच द्या, दोन्ही घड्याळं वेगळी राहतात.

टिक-टॉक भिंतीवरच्या घड्याळाची वेळ सांगतं, सीपीयूटाइम प्रोसेसरने खर्च केलेली. मॅट्रिक्सचं जड काम ओपनब्लाससारखी लायब्ररी अनेक कोअरवर वाटून करते, तेव्हा भिंतीवर १० सेकंद आणि प्रोसेसरवर ३५ असं दिसू शकतं. दोन्ही खरे. वाट किती बघावी लागली हे सांगायचं तर पहिला आकडा, काम किती झालं हे सांगायचं तर दुसरा, पण शोधनिबंधाच्या एका तक्त्यात दोन्ही मिसळू नका. ओएमपी-नम-थ्रेड्स हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ वर ठेवून एकदा मोजलंत तर तुलना स्वच्छ होते. पायथॉनमध्ये भिंतीच्या वेळेला परफ-काउंटर वापरा. टाइम-टाइम नको, संगणकाने इंटरनेटवरून घड्याळ जुळवलं की तो मध्येच उडी मारतो.

पहिली फेरी मोजू नका. फंक्शनची फाइल पहिल्यांदा वाचली जाते, लायब्ररी मेमरीत येते, डेटा कॅशमध्ये नसतो. छोट्या कमांडसाठी एकदा मोजण्याला अर्थच नाही. मॅटलॅबचं टाइमइट अनेकदा चालवून मध्यक देतं. पायथॉनचं टाइमइट कचरा-गोळा बंद ठेवून चालवतं, आणि तिथे सगळ्यात लहान वेळ घ्यावी, कारण त्यावरची वाढ बहुधा संगणकावर चाललेल्या इतर कामांची असते. मोजायच्या भागातून छापणं आणि आलेख काढणं बाहेर काढा.

तिसरं कारण नागपूरचं. तुम्ही एक सॉल्व्हर सकाळी मोजला आणि दुसरा दुपारी, असं तुमच्याच वर्णनातून दिसतं. एप्रिल-मेमध्ये बाहेर ४५ अंश असताना खोलीतल्या लॅपटॉपचा पंखा गरम हवाच आत ओढतो. प्रोसेसर तापमानाच्या मर्यादेला पोचला की स्वतःची गती उतरवतो, आणि तीच स्क्रिप्ट दुपारी हळू चालते. सॉल्व्हरचा काही दोष नसतो. गादीवर लॅपटॉप ठेवून चालवणाऱ्यांबद्दल बोलायलाच नको. उपाय एसी घेणं हा नाही (मिळाला तर घ्या). एक केस पहिल्या सॉल्व्हरने, लगेच तीच केस दुसऱ्याने, पुढच्या केसला क्रम उलटा, असं आलटूनपालटून चालवा. मग उष्णता, अँटिव्हायरस, अपडेट जे काही येईल ते दोघांच्या वाट्याला सारखं येतं. चार्जर लावलेला आहे ना तेही बघा, बॅटरीवर गती वेगळी असते. तक्त्याखाली प्रोसेसर, ऑक्टेव्हची आवृत्ती आणि थ्रेडची संख्या लिहा.

सगळ्या ४०० केसेस पुन्हा लावायची गरज नाही. आधी आहेत त्याच फाइली घ्या आणि एक छोटी स्क्रिप्ट लिहून चार गोष्टी शोधा: आधीच्या केसशी हुबेहूब जुळणारी उत्तरं, ज्यांत एक तरी नॅन आहे अशी उत्तरं, गळती शून्य असलेल्या केसेस, आणि ज्यांची वेळ मध्यकाच्या दहाव्या हिश्श्याहून कमी आहे त्या. उरलेल्या केसेसमध्ये मिळालेल्या पातळ्या समीकरणात परत घालून शेष काढा, त्याला काही मिनिटं लागतील. शेष मोठा निघाला तर ती केस बाद आणि पुन्हा लावायच्या यादीत. शेष लहान असला तरी कंडिशन नंबर फुगलेल्या केसवर तेवढ्याने विसंबू नका, तिथे पातळ्या चुकीच्या असूनही शेष लहान येऊ शकतो. बेसाल्टवाल्या केसेसचा कंडिशन नंबर कंडेस्ट कमांडने काढून त्याच ओळीत लिहा. मॅट्रिक्स स्पार्स (बहुतेक शून्यांचा) असला तरी ते चालतं. फाइली तपासून झाल्या की लॉगच्या पहिल्या शंभर ओळी पाठवा, ३७वी नेमकी कशाने पडली ते मला अजून बघायचंय.